साउनाच्या वाटेसाठी लिली

डेलिली निवडायची तर सकाळी सात वाजता, आणि तीही रात्री चांगली थंडी पडून गेल्यावर. आयली कांगसला हे कुणी शिकवायला नको होतं. लिली मंडळात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. दुपारी काय, कुठलीही लिली देखणीच दिसते. पण दक्षिणेकडच्या उबदार हवेत वाढवलेल्या झालरीवाल्या जाती उत्तर मिनेसोटातल्या गार पहाटेला धड उघडतसुद्धा नाहीत. अर्ध्या पाकळ्या मिटलेल्या, अर्ध्या चिकटलेल्या, अशा रुसून बसतात. म्हणून जुलैमधल्या त्या शनिवारी आयली जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, खिशात लाल फीत घालून व्हर्नर लिंडालच्या मळ्यावर सातच्या ठोक्याला हजर झाली.

व्हर्नरच्या मळ्याची एक रीत होती. जुलैत फुलं बघायची, पसंत पडेल त्याच्या दांड्याला आपल्या नावाची फीत बांधायची, आणि ऑगस्टमध्ये तो गड्डा खणून घरी न्यायचा. फीत बांधली म्हणजे शब्द दिला. चाळीस वर्षांत कुणी बांधलेली फीत सोडली नव्हती आणि सोडली असती तर व्हर्नरनं त्या माणसाला पुन्हा फाटकातून आत घेतलं नसतं.

पांढरी हवी आणि उंच हवी, कमरेच्या वर, असं आयलीनं सांगितलं तेव्हा तो हसला.

"पांढरी डेलिली देवाला जमली नाही आणि मलाही नाही. सगळ्या सायीच्या रंगाच्या. आणि तुम्हा फिनिश लोकांना पांढऱ्याचं एवढं काय? सात महिने बर्फ पुरत नाही का?"

"स्वीडिश माणसाला रंगातलं काय कळतंय," आयली म्हणाली. "तू दाखव."

खरं कारण तिनं सांगितलं नाही. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची, आर्मसची, नजर दोन वर्षांपासून जात होती. समोरचं पुसट व्हायचं, कडेकडेचं थोडंफार दिसायचं. घरापासून तळ्याकाठच्या साउनापर्यंत, म्हणजे गरम वाफेच्या लाकडी खोपटापर्यंत, साठ पावलांची वाट होती आणि पन्नास वर्षं दर शनिवारी संध्याकाळी तो त्या वाटेनं घाम काढायला जात आला होता. हिवाळ्यात अडचण नव्हती. बर्फ उपसला की वाटेच्या दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती उभ्या राहायच्या, हात लावत जाता यायचं. उन्हाळ्यानं त्याला उघडं पाडलं होतं. जूनमध्ये तो वाट चुकून तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा सापडला, आणि वर म्हणाला, मासे बघत होतो. मुलानं दोर बांधायचं सुचवलं. दोर गाईंना बांधतात, असं त्याला उत्तर मिळालं. मग आर्मसनं आणखी एक वाक्य टाकलं होतं: ज्या दिवशी साउनाला न्यायला माणूस लागेल, त्या दिवसापासून साउना बंद. आर्मस बोललेलं करणारा माणूस होता, हीच तर पंचाईत. साउना सोडलेला आर्मस खुर्चीत बसेल आणि त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, अशी आयलीला खात्री होती.

पांढरं त्याला अजून दिसत होतं. म्हणून वाटेच्या कडेनं उंच पांढऱ्या लिलींची रांग. दोर नाही, कठडा नाही, बायकोची हौस. हौसेवर कोण रागावणार?

तिला हवी तशी लिली मिळाली. चार फुटी दांडा, फूल तळहाताएवढं, थंडीतही पूर्ण उघडलेलं, गळ्याशी किंचित पोपटी आणि बाकी जवळजवळ पांढरंशुभ्र. आयलीनं फीत बांधली, व्हर्नरच्या बायकोनं दिलेली कॉफी घेतली आणि खुशीत घरी आली.

त्याच संध्याकाळी आर्मस टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. आयली भांडी घासायचं निमित्त करून खिडकीशी उभी राहिली. उन्हाळ्यातला उजेड अजून झाडांवर रेंगाळत होता. तो पाय चाचपत चालला होता, मधेच थांबत होता, आणि ती श्वास धरून बघत होती. बघता बघता तिची नजर पायरीजवळच्या स्वतःच्याच पिवळ्या लिलींवर गेली. सकाळची फुलं मिटून ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

ती स्वतःवरच चिडली. डेलिलीचं फूल एका दिवसाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. सत्तावीस वर्षं पहाटे उठून लिली पारखणाऱ्या बाईनं संध्याकाळच्या वाटेसाठी सकाळचं फूल निवडलं होतं. तिला रडूच आलं.

रविवारी संध्याकाळी ती पुन्हा मळ्यावर गेली. आर्मस मीही येतो म्हणाला आणि गाडीत बसून राहिला. फीत सोडायची आहे हे ऐकल्यावर व्हर्नरचा चेहरा एकदम बदलला. तेव्हा आयलीला सगळं सांगावं लागलं. जून, तळं, दोर, साउना, सगळं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला की परीक्षक सकाळी येतात, गिऱ्हाइकं सकाळी येतात, तो स्वतःही जेवण झाल्यावर मळ्यात कधी फिरकत नाही. आपला मळा संध्याकाळी कसा दिसतो हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

दोघं रांगांमधून हिंडले. नावाजलेल्या, बक्षिसं मिळवलेल्या, सगळ्या मिटलेल्या. व्हर्नरनं लाल फितीची गाठ स्वतःच्या हातानं सोडली आणि फीत आयलीच्या हातात ठेवली. तिला वाटलं, संपलं. आता आर्मसला कुठल्या तोंडानं दोराचं पुन्हा सांगायचं?

तेवढ्यात मळ्याच्या पार टोकाकडून आर्मसची हाक आली. तो गाडीतून उतरून, खताच्या ढिगाजवळ, जिथं व्हर्नर नापास झालेली रोपं टाकायच्या आधी ठेवायचा, तिथं उभा होता. त्याच्यासमोर छातीएवढ्या उंचीचा एक ताटवा होता. फुलं अरुंद पाकळ्यांची, जुन्या वळणाची, पण नुकतीच उघडलेली आणि फिकट, जवळजवळ पांढरी.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

व्हर्नर ओशाळला. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. सकाळी दहाला बघावं तर मान टाकलेली असायची, म्हणून तीन वर्षांपूर्वीच ती बाद केली होती. फेकायची राहून गेली एवढंच. रात्रभर फुलून सकाळी मिटणारी होती ती, आणि तिला कुणी संध्याकाळी बघितलंच नव्हतं.

आयली घाईघाईनं सांगू लागली की तिला असाच साधा प्रकार किती आवडतो, पायरीजवळ लावला तर किती शोभेल.

"आयली, पुरे," आर्मस म्हणाला. "साउनाच्या वाटेला लावणार आहेस. वाटेकडेचे बटाटे उपटलेस तेव्हाच कळलं. फुलांसाठी बटाटे उपटणारी बाई नाहीस तू."

आता तो नको म्हणेल आणि एकदा नको म्हटलं की झालं, अशी तिला भीती वाटली. आर्मसनं हात पुढे करून एक फूल चाचपलं, मान जरा वळवून त्याच्याकडे कडेनं बघितलं. बराच वेळ.

"उजव्या हाताला लाव," तो म्हणाला. "डावा डोळा गेला माझा. इस्टरपासून काहीच दिसत नाही त्यानं."

इस्टरपासून. तीन महिने ती त्याच्यासमोर बसून जेवत होती आणि तिला पत्ता नव्हता. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त, आणि त्या रागातच तिनं सरळ विचारलं, "मग परतताना? परतताना ती डावीकडे येतील."

आर्मसनं विचार केला.

"परतताना तू दारात उभी राहून बोल. काहीही बोल. रागावलीस तर उत्तम, तेव्हा तुझा आवाज तळ्यापर्यंत येतो."

व्हर्नर घसा खाकरून म्हणाला की गड्डा ऑगस्टमध्ये निघेल खरा, पण लावल्यावर फुलं पुढच्या जुलैशिवाय यायची नाहीत. आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

आयली फीत बांधत होती. गाठ काही केल्या बसेना. आर्मसनं तिच्या हातावर हात ठेवला.

"मग तोवर जातानाही बोल," तो म्हणाला.