पाहुण्याचा पेला

मी पेला बोलतोय. असातसा नाही हं! दूध संस्थेनं दिवाळीला सभासदांना वाटलेला, पोटावर संस्थेचं नाव कोरलेला स्टीलचा पेला. बीडकडल्या कडा गावाजवळच्या एका वस्तीवर हरिबाच्या घरी आलो, तेव्हा दारात दोन म्हशी होत्या अन् मांडणीवर माझी जागा पहिल्या रांगेत होती.

माणसांचे चेहरे मला सांगू नका, ओठ सांगा. हरिबाचे ओठ तंबाखूचे. त्याच्या बायकोचे, सारजाबाईचे, कायम घाईतले. त्यांची लेक शलोमी मात्र पाणी पिताना माझा काठ चावायची. मला ते लई आवडायचं.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. हरिबा म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेला. संस्थेला कुलूप लागलं. टँकर आठवड्यातून एकदा, तोही आला तर आला. घरात एकच ड्रम, त्यातलं पाणी सारजाबाई मापानं द्यायची.

जेवायला बसताना मायलेकी हात जोडायच्या. "प्रभू येशू, ये, आमचा पाहुणा हो," असं म्हणून सारजाबाई भाकरी मोडायची. एके दुपारी सात वर्षांच्या शलोमीनं विचारलं, "पाहुण्याला बोलावतीस, मग पाणी कावून देत न्हाईस?" पोरीनं आपल्या वाटणीचं पाणी माझ्यात ओतलं अन् मला उंबऱ्यावर ठेवलं.

थोड्या वेळानं मला ओठ लागले. उंबऱ्यावर कुणीच नव्हतं. समोर नुसतं ऊन. हात नाही, श्वास नाही. फक्त ओठ, अन् खालच्या ओठाला उभी चीर. ती माझ्या काठाला खरखरली. भर उन्हात गारठलो मी. जेवणं उरकली तेव्हा माझ्यात थेंब नव्हता.

"आलता," शलोमी म्हणाली, मामा येऊन गेल्यासारखी खुशीत. सारजाबाई म्हणाली की उन्हानं आटलं असंल.

दुसऱ्या दिवशी पोरीनं मला पुन्हा भरून उंबऱ्यावर ठेवलं, तेव्हा मात्र सारजाबाई माझ्यावर डोळे लावून बसली. तिच्या देखत पाणी खाली खाली गेलं. तिनं मला झडप घालून उचललं, पत्र्याच्या पेटीत टाकलं अन् झाकण लावून त्यावर बसली. लेकीची जीभ कोरडी पडलीय अन् पाणी नेतंय कोण, म्हणत रडली. भ्याली होती बिचारी. मला तिचा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडलीच नाही. शलोमी बाहेरून पेटीला टेकून बसली होती, मला ऐकू येत होतं. "त्याला तहान लागली असंल, आई." दिवसभर तिचं तेच चाललं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी छावणीतल्या माणसांनी धुळाजी नावाच्या मेंढपाळाला बाजेवर घालून आणलं. कोरड्या ओढ्यात पाय मोडून तो तीन दिवस पडून होता. वाटेवरचं पहिलं घर आमचं. शलोमीनं धावत जाऊन मला पेटीतून काढलं, सारजाबाईनं ड्रम वाकडा करून मला भरलं अन् त्याच्या तोंडाला लावलं.

खालच्या ओठाला उभी चीर. मी लगेच ओळखलं.

पाणी पिऊन झाल्यावर धुळाजीनं माझ्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग सारजाबाईकडं बघत म्हणाला, "ह्योच पेला. दोन दिस दुपारच्याला कुणीतरी तोंडाला लावत व्हतं, बाई. काल कावून न्हाई आलं?"

सारजाबाई लेकीला पोटाशी धरून "माफ कर" म्हणत राहिली. ती हे शलोमीला म्हणत नव्हती, एवढं मलाही कळलं.

आता मी पोचे पडून वेडावाकडा झालोय. धुळाजी कधीमधी लंगडत येऊन बसतो. शलोमी नर्सिंग शिकायला बीडला गेली. रोज दुपारी मला सारजाबाईच भरते, काठोकाठ, उंबऱ्यावर ठेवते अन् तिकडं पाठ करून जेवते. कधी कधी ओठ येतात, अन् मागाहून तेच ओठ घेऊन कुणीतरी तहानेलं दाराशी येतं. मला अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आलेल्याला मी कधी परतवलं नाही.

आज आलेले ओठ इवलेसे होते. दातही नव्हते. ते लेकरू अजून दाराशी आलेलं नाही. बाबांनो, तुमच्या गावाकडच्या वाटेवर कुठं असेल ते. आज कुणीही दार लावू नका.