फिजाच्या मूळ कागदांची बॅग

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्या चेनकडे बघूनच कळेल. ती अर्ध्यावर अडते आणि मालकाला माझं तोंड धरून ओढावं लागतं. मी तपकिरी रेक्झिनची, काखेत मारायची बॅग. माझ्या पोटात फक्त कागद राहतात. रोह्याच्या अब्दुलभाईंनी पहिल्यांदा आखातात निघताना मला मुंबईत विकत घेतलं. तेव्हा मी इतकी ताठ होते की विमानतळावर लोक त्यांना साहेब समजत असतील, असं मला आपलं वाटायचं.

तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी कंपनीने पासपोर्ट मागितला. सगळेच देत होते, अब्दुलभाईंनीही मुकाट्याने दिला. पुढे त्यांची आई वारली. रजेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहिला, आणि आईच्या मातीला ते पोचले नाहीत. त्या दिवशी मला छातीशी धरून ते खूप रडले. मी रिकामी होते. मला फार वाईट वाटलं.

ते कायमचे घरी परतले आणि मी कपाटावर गेले. सोबतीला धूळ आणि पाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, ते काही खोटं नाही.

मग त्यांची मुलगी फिजा बारावी सायन्स पास झाली. तिच्या आईने, हाजराने, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं माझ्यात घातलं. "हिला जप गो, तुझं नशीब हाय हिच्यात," असं ती लेकीला म्हणाली, तेव्हा मी कौतुकाने फुगले.

फिजाला नर्स व्हायचं होतं. आरोग्य केंद्रातल्या वैशाली सिस्टरांकडून तिने सगळं विचारून घेतलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं. बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षं, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन. त्यानंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ती झाली की खरी नर्स, ती नाही तर नुसता पांढरा कोट. तिने दोन्हीकडे अर्ज भरले. पहिल्या यादीत नाव आलं नाही.

घराला घोर लागला. "वर्ष फुकट गेलं तर?" एवढंच अब्दुलभाई म्हणायचे आणि पुढ्यातला चहा गार व्हायचा. तेवढ्यात कुणीतरी त्यांना पेणची एक संस्था सांगितली. एका वर्षात नर्स, परीक्षा नाही, वर आखातात नोकरी. झालं! बापलेक गाडीत बसले, मी काखेत.

संस्थेचे दुसऱ्या मजल्यावरचे सर मोठे गोड बोलत होते. "ओरिजिनल इथं जमा करा, सीट पक्की. कोर्स संपला की परत मिळतील."

मित्रांनो, माझा जीव खालीवर झाला. दुसरी यादी चार दिवसांवर होती. तिच्यात नाव लागलं तर हेच मूळ कागद दाखवावे लागणार होते. ते इथे अडकले की नाव लागूनही उपयोग शून्य. अब्दुलभाईंनी तर माझी चेन धरलीसुद्धा! होती नव्हती ती ताकद लावून मी अडले. पण मी कितीशी अडणार? कागद टेबलावर आले.

"सर, ह्या कोर्सनंतर कौन्सिलची नोंदणी मिळते काय?" फिजाने विचारलं.

"ते मागाहून बघू. आधी नोकरी."

"म्हंजे मिळत नाय?"

"गप गो," अब्दुलभाई कुजबुजले. "कागद दिल्याबिगर कुठं काम होतं?"

फिजाचा आवाज कापत होता. "अब्बा, दादी गेली तवा तुमचा पासपोर्ट कुणाकडं होता?"

सरांनी कागद ओढायला हात पुढे केला, तोच अब्दुलभाईंनी त्यांवर आपला पंजा ठेवला. सगळे कागद त्यांनी पुन्हा माझ्यात भरले. जिना उतरताना मला इतकं घट्ट आवळलं की माझी शिवण करकरली.

पुढचे चार दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही. हातातली सीट आपण घालवली, हे अब्दुलभाईंच्या डोक्यातून जाईना. फिजा तर दिवसातून दहादा कॅलेंडरची पाठ वाचायची. मग यादी लागली. जीएनएमला, शेवटून तिसरं, तिचं नाव होतं.

प्रवेशाच्या दिवशी कागद तपासणीच्या खिडकीतल्या बाईंनी मूळ कागद मागितले. अब्दुलभाईंनी दिले, पण त्यांची नजर त्या गठ्ठ्यावरून हलेना. बाईंनी एकेक कागद पाहिला, नोंद केली आणि गठ्ठा परत सरकवला.

"परत देता?" अब्दुलभाईंनी विचारलं.

"तुमचेच हायत ना चाचा."

अब्दुलभाई तोंड फिरवून उभे राहिले.

मित्रांनो, कागद जपा हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझी विनवणी एवढीच, की ते कुणाच्या हाती देण्याआधी दोन प्रश्न विचारा. विचारायची भीती वाटेल. फिजालाही वाटत होती.