मस्कतचा फोन

आमच्या वामनरावायनं दोन वर्षं पोरीशी अबोला धरला होता. रागिणी नर्सच्या नोकरीसाठी मस्कतले गेली. यायचं म्हननं, अकोल्यात काय दवाखाने नाईत? लय मोठा पराक्रम केला. बाकी घरात मले बोलाले यायचं तोंड चोवीस तास मोकळं.

त्या दिवशी तिकडं रागिणीचंच पोटाचं ऑपरेशन होतं. दुपारी आत नेनार होते. सकाळी तिचा मले मेसेज आला, 'आई, आत जायच्या आधी बाबाले एक फोन कराले सांग. त्यायनंच लावला पाह्यजे.' मी वाचून दाखवलं. हे पेपराची घडी घालून म्हनले, "नंबर दे."

मस्कतले अ‍ॅपवरचा फोन लागत नाई. साधाच लावा लागते, अन् त्याचा रिचार्ज वेगळा. जठारपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुरकानचं दुकान हाय, तिथं गेलो. तो म्हने, "काकाजी, तिकडच्या मोबाईलवर बोलाचं तं जास्ती लागते. घरच्या फोनवर कमी."

"काहून? मोबाईलवाल्याचे कान सोन्याचे हायेत का?" यायनं त्यालेच झापलं, जसा काई दर फुरकाननंच ठरवला.

रिचार्ज झाला. फुरकाननं नीट सांगतलं, आधी अधिकचं चिन्ह, मंग नऊशे अडुसष्ट, मंग पोरीचा नंबर. पन ऐकतीन तं वामनराव कायचे. "बाहेरगावच्या नंबराले शून्य लावा लागते. आमी अमरावतीले जन्मभर शून्य लावूनच बोललो." घातला मधात शून्य. फोनातली बाई बोलली, नंबर चुकीचा हाय. पुन्हा शून्य, पुन्हा बाई. यायच्या मते बाईच चुकून रायली होती. घरी येईपर्यंत दुपार झाली. शेवटी मी फोन हिसकला, शून्य काढला, नंबर लावला अन् यायच्या हाती देला.

घंटी वाजली. दोनदा वाजली अन् यायनं फोन कापला.

"काहून कापला?"

"मिस कॉल देला. आता पोरगीच करन. आपल्याले इनकमिंग फुकट."

धन्य तो बाप. वावरात पोचले तं एक घंटी, बस सुटली तं दोन, असाच सारा संसार केला आमी. मले लय संताप आला.

तेवढ्यात माह्या फोनवर मेसेज आला. 'आई, बाबाचा मिस कॉल पाह्यला. आता फोन सिस्टरजवळ देऊन आत जाऊन रायली. त्यायनं लावला, एवढं लय झालं.'

मी वाचून दाखवलं. यायचं तोंड उतरलं. फोन उचलला अन् पुन्हा तोच नंबर लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. मंग पुन्हा.

"तिकडं कोन उचलनार हाय आता?" मी म्हटलं.

"मालूम हाय मले," हे म्हनले. "शुद्धीवर आल्यावर पोरगी फोन पाहीन ना. एकच दिसला तं म्हनन, बापानं पैसे वाचवले."

अन् फोन दुसऱ्या कानाले लावला.