सकाळची यादी

माझी नात रसिका नोएडात नव्या नोकरीला लागून चार दिवस झाले होते. काम घरूनच. बारा वाजता साहेबांना एक टूल चालवून दाखवायचं होतं. नाही जमलं तर ते काम तिच्याबरोबरच्या हरीशकडे जाणार होतं. साडेअकरा वाजले होते आणि तिने तेच टूल तिसऱ्यांदा इन्स्टॉल केलं होतं.

मी शेजारी मटार सोलत होते. स्क्रीनवर ओळ उमटली. अक्षर अक्षर जुळवून वाचली. कमांड नॉट फाउंड.

"शेवटचे दोन शब्द ओळखीचे आहेत," मी म्हणाले. "परत आलेल्या पाकिटांवर असायचे."

"आजी, यार, आत्ता नको."

"पण टूल आलंय ना?"

"बिल्कुल आलंय. हे बघ, या फोल्डरमध्ये पडलंय."

"मग सापडत कसं नाही? शोधतं कोण?"

तिला हसू आलं. "ही कमांडची विंडो शोधते. तिच्याकडे फोल्डरांची यादी असते. पाथ म्हणतात. नाव टाइप केलं की तेवढ्याच फोल्डरांत बघते." बोलता बोलता ती थांबली. "अच्छा! हे फोल्डर यादीत नाहीच."

तिने भराभर एक फाइल उघडली, फोल्डरचं नाव लिहिलं, सेव्ह केलं. परत टाइप केलं. परत तीच ओळ.

"गेलं काम हरीशकडे," ती म्हणाली आणि डोकं धरून बसली.

मला मात्र चैन पडेना. यजमान गेल्यावर त्यांच्या जागी मी सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले, तेव्हा मला वाचता येत नव्हतं; अक्षरं खूप नंतर शिकले. बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सकाळी दहाला खोल्यांची यादी वाचून दाखवायचे, मी ती पाठ करून दिवसभर टपाल वाटायचे. एकदा दुपारी नवे अधिकारी रुजू झाले. कागदावर नाव लगेच चढलं, पण माझ्या डोक्यात सकाळचीच यादी. त्यांचं टपाल मी दोनदा परत आणलं. दुसऱ्या वेळी तर ते दारातच उभे होते.

"रसिका, यादीत नाव कधी घातलंस?"

"आत्ता, तुझ्यासमोर."

"आणि तुझा हा शिपाई कामावर कधी आला?"

"शिपाई? ही विंडो नऊला उघडलीये... आणि यादी उघडतानाच वाचते ती!" मग तिने ती विंडो बंद केली, नवी उघडली आणि टाइप केलं. टूलचं नाव आलं, पुढे आकडे आले.

"आजी!" मटारांचं ताट पालथं होता होता वाचलं.

बाराला साहेबांचा फोन आला. रसिकाने टूल चालवून दाखवलं, आधी अडलं होतं हेही सांगितलं. "दिक्कत क्या थी?" त्यांनी विचारलं.

"सर, विंडो पुरानी थी. उसके पास सुबह की लिस्ट थी."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ती यादी बघायला मिळते?"

तिने काहीतरी टाइप केलं. लांबलचक ओळ आली, मध्ये मध्ये दोन-दोन टिंबं. रसिका वाचायला लागली.

"थांब," मी म्हणाले. "तू नको वाचूस."

चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.