गंजभर भात

मित्रांनो, मी एक जुनी एलिचपुरी म्हैस आहे. शिंगं तलवारीसारखी, पार खांद्यापर्यंत मागे गेलेली. हिवरखेडला देवमनच्या गोठ्यात माझा जन्म झाला आणि चौदा वर्षांत आठ वेतं झाली ती याच गोठ्यात. देवमनची बायको इंदूबाई मला शेवंता म्हणते. गावातला कोणी धारेच्या वेळी आला, की ती माझी कास दाखवून म्हणायची, "हे लक्ष्मी हाय आमची." तेव्हा मी मान ताठ करून उभी राहायची.

तुम्ही घास चावता, गिळता आणि विसरून जाता. आमचं तसं नसतं. मी चारा आधी भराभर गिळते. तो डाव्या कुशीतल्या भल्यामोठ्या कप्प्यात, कोटीपोटात, जाऊन साठतो. तिथे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. वाळका कडबा मला एकटीला जन्मात पचला नसता. ते जीव त्याला आंबवून मऊ करतात. मग मी निवांत बसते, तोच चारा पुन्हा तोंडात आणते आणि रवंथ करते. बारीक झालेला चारा पुढच्या कप्प्यांतून चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात उतरतो आणि तिथून लांबलचक आतड्यात. काही कस कोटीपोटातच शोषला जातो, बाकीचा आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे ओढून घेतात आणि रक्तात सोडतात. त्यावरच मी जगते, त्याचंच दूध होतं.

हे मला ठाऊक कसं? एकदा हे सगळं बंद पडलं, तेव्हा कळलं.

मागच्या उन्हाळ्यात देवमनच्या मुलीचं, अपेक्षाचं, साक्षगंध झालं. ऐन वेळी वावटळ सुटली, अर्धे पाहुणे आलेच नाहीत. भात उरला. देवमनने बजावलं, "उकिरड्यावर टाक, जनावराले देऊ नको." दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाड्याची भांडी परत करायला तेल्हाऱ्याला गेला, आणि इंदूबाई भाताने भरलेला गंज, चांगलं मोठं पातेलं, घेऊन गोठ्यात आली.

"अन्न टाकाचं नसते," ती म्हणाली. "खा व माय."

मी खाल्लं. तिने दुसरा गंज आणला, मग तिसरा. मऊ, गोडसर भात! चावायचंही काम नव्हतं.

दुपारनंतर कूस दगडासारखी घट्ट झाली. रवंथ येईना. संध्याकाळी कासेत दूध उतरलं नाही. शेण पाण्यासारखं पातळ आणि आंबट वासाचं पडू लागलं. सकाळी उठायला गेले, तर पाय थरथरले आणि मी गुडघ्यांवर आले.

देवमनने डॉक्टर उज्माला बोलावलं. ती अकोल्याची पोरगी, गुरांची डॉक्टर. तिने माझ्या डाव्या कुशीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"पोट हालतच नाहीये. काल काय खाल्लं हिने?"

"रोजचंच. कुटार आन् ढेप," देवमन म्हणाला. म्हणजे भुसा आणि सरकीची पेंड.

"दुसरं काही?"

"नाई जी, काईच नाई."

इंदूबाई दाराशी उभी होती. तोंडाला पदर लावलेला. मी तिच्याकडे पाहत राहिले. ती माझ्याकडे पाहीना.

डॉक्टरने पाचक पुड्या काढून देवमनच्या हातावर ठेवल्या. "या देऊन पाहा. संध्याकाळी फोन करा." तिने पिशवी उचलली, अंगण ओलांडलं, गाडी सुरू केली. माझे दात करकरत होते.

"थांबा मॅडम!"

इंदूबाई अनवाणी धावली होती. "म्या भात चारला इले. तीन गंज."

देवमन गर्रकन वळला. "तुले सांगतलं होतं ना म्या!"

"अन्न होतं ते. टाकवलं नाही मले," इंदूबाई रडू लागली.

"काका, ते मागून बोला," डॉक्टरने गाडी बंद केली. "काकू, सांगितलं ते बरं केलं. पुड्यांच्या भरवशावर संध्याकाळपर्यंत गेली असती ही. भात फार लवकर आंबतो. पोटात नुसतं आम्ल होतं, चारा पचवणारे जीव मरतात आणि ते आम्ल रक्तात उतरतं."

मग धावपळ सुरू झाली. माझ्या मानेच्या शिरेत सलाईन लागलं. नळीने पोटात खाण्याच्या सोड्याचं पाणी गेलं. तरी कूस हलेना.

"हिला आता ते जीव उसने आणावे लागतील," डॉक्टर म्हणाली. "जवळ धडधाकट जनावर आहे कोणाचं?"

शेजारच्या चंद्रभानने आपला बैल पुढे केला. बैलाच्या घशातून नळी घालून कोटीपोटातलं हिरवट पाणी बादलीत काढलं. इंदूबाईने ते आपल्या सुती लुगड्यातून गाळलं. देवमनने माझी शिंगं धरली आणि ते कोमट पाणी माझ्या पोटात उतरलं.

"आता वाट पाहायची," डॉक्टर म्हणाली. "आडवी पडू देऊ नका."

उन्हं चढली. देवमन मला पोत्यांचा टेकू देऊन बसला होता. इंदूबाईच्या पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नव्हतं. देवमन हळूच म्हणाला, "जेवून घे." ती म्हणाली, "हे तोंड हालवन तवा जेवीन." त्याने तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

उन्हं कलली. माझ्या कुशीत आधी काहीतरी गुरगुरलं. मग ढेकर आली. आणि मग छातीतून एक लहानसा गोळा वर सरकत आला. मी जबडा हलवला. एकदा. पुन्हा एकदा.

"अवो, पाह्यलं का! रवंथ करून राह्यली!"

देवमनने डोळे पुसले आणि घाम पुसल्याचं दाखवलं.

मित्रांनो, माझं दूध त्यानंतर निम्म्यावर आलं, ते वाढलं नाही. पण मी उभी आहे. आता गावात कुठे मांडव पडला, की इंदूबाई आपणहून जाते आणि त्या घरच्या बायांना आपली चूक सांगते. उरलं-सुरलं आमच्यापुढे ओतू नका. आम्ही खात सुटतो, थांबायचं आम्हाला कळत नाही. आणि चुकून ओतलंच, तर डॉक्टरपाशी लपवू नका. भीती वाटली तरी सांगा. इंदूबाई अंगणभर धावली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.