डोंगराच्या बाजूचा ओरखडा

मी एक घरगाडी. पोटात दोन पलंग, एक शेगडी, कुशीला ऐंशी लिटर पाण्याची टाकी आणि डोक्यावर सौर पॅनेल घेऊन मी सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरून फिरते. लोक मला बघून हात हलवतात, फोटो काढतात. मला तेही आवडतं. पण फोटो काढता काढता माझ्या नाकासमोरून मोटारसायकल कापत नेतात, तेव्हा मला जोरात ओरडावंसं वाटतं. म्हणून आज सगळं सांगूनच टाकते.

माझा पहिला जन्म सतरा सीटांचा. इस्लामपुरातून मी लग्नाची वऱ्हाडं नेली. एकाच फेरीत नवरीचं रडणं आणि करवल्यांची गाणी ऐकली. चालकाला मुहूर्ताची इतकी घाई असायची, की वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडायचे आणि हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही. मुहूर्त चुकला तर पुढचा मिळतो, एवढं साधं गणित शिकलेल्या माणसांनाही कळत नव्हतं.

मग माझ्यापेक्षा चकचकीत गाड्या आल्या. मला एका शेडमागे उभं केलं. माझ्या आरशामागे चिमण्यांनी घरटं केलं. दोन वर्षं त्याच माझ्या प्रवासी.

एके दिवशी सोनिया आली. माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली, साताऱ्याला भूगोल शिकलेली, बोलण्यात फटाके. तिनं चिमण्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत वाट पाहिली आणि मगच मला हलवलं. तेव्हाच मी मनानं तिची झाले. कृष्णात नावाच्या मिस्तरीनं माझ्या सीटा काढल्या, पलंग बसवले, कपाटांना कड्या लावल्या. नोंदणीच्या पुस्तकावरही माझं नवं रूप रीतसर चढलं. सोनियानं स्टेअरिंगसमोर एक चिठ्ठी डकवली: ‘उंची नऊ फूट दोन इंच.’

“हे कशाला गं?” कृष्णातनं विचारलं.

“गावोगावच्या कमानी मला विचारून बांधलेल्या न्हाईत, मामा.”

रस्त्यावर घर चालवून पर्यटकांना आपला मुलूख दाखवायचा, हे तिचं स्वप्न. त्यात आडवे आले तिचे वडील, अर्जुना. ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे उतरतात, शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवतात. गेल्या काही वर्षांत भरधाव गाड्यांनी त्यांची सात मेंढरं चिरडली होती. एकही गाडी थांबली नव्हती.

यंदा कळप घेऊन निघताना ते सोनियाला म्हणाले, “माझी लेक त्या गाडीवाल्यांतली व्हायची न्हाई. तरी तुजा हट्टच हाय, तर आज्जीला घिऊन रहिमतपूरच्या तळावर ये. गाडीला एक जरी ओरखडा दिसला, तर किल्ली माजी. गाडी इकायची आनि तू नोकरी बघायची.”

“आबा, एकबी दिसनार न्हाई,” सोनिया म्हणाली. माझं इंजिन बंद होतं, तरी मला धडधडलं.

महिन्याभरानं, एका सकाळी आम्ही निघालो. सोनियानं टायर तपासले, गॅस बंद केला, कपाटांच्या कड्या लावल्या, जड पोती खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवली. ते तिला शिकवावं लागलं नाही. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादताना दोन्हीकडचा भार सारखा ठेवतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं.

तिची आजी रंगुबाई काठी आणि घोंगडी घेऊन आली. तिच्या काखेत एक पांढरं कोकरू होतं. त्याची आई गेलेली, म्हणून घरीच बाटलीच्या दुधावर वाढवलेलं. आता ते कळपात सोडायचं होतं.

“आज्जी, त्याला बांधून ठेव,” सोनिया म्हणाली.

“घरात कुनी कोकराला दावं लावतं व्हय? चुलीम्होरं मोकळंच आसतंय ते. आनि तूच म्हनलीस की, ही गाडी न्हाई, घर हाय.”

सोनिया हसली. कपाटातल्या चमच्यांनाही कडी लावणारी ही पोरगी कोकराच्या त्या दोन डोळ्यांपुढं विरघळली. कोकरू मोकळंच राहिलं. चूक तिथं झाली. आणि खरं सांगते, तेव्हा मलाही ती चूक वाटली नाही. माझ्या पोटात इवले खूर टपटप वाजत होते आणि मी लय खूश होते.

वाटेत एका गावात मला मागं घ्यायची वेळ आली. रंगुबाई काठी टेकत खाली उतरली आणि माझ्या मागं जाऊन उभी राहिली.

“आज्जी, आरसे हायत गं!”

“आरसं आसू दे. मागं मानूस आसल्याबिगर आमी कळप हालवत न्हाई.” तेवढ्यात एक म्हातारा नेमका माझ्या पाठीमागून सायकल ढकलत आला, दोन्ही आरशांना न दिसणाऱ्या जागेतून. रंगुबाईनं काठी आडवी धरली. “आवं पावनं, ही काय बैल न्हाई मागं वळून बघायला! आदी हिला जाऊ द्या.”

पुसेगाव मागं पडलं आणि वर्धनगडचा घाट आला. सोनियानं वरतीच दुसरा गिअर टाकला. भरलेल्या घरगाडीला उतारावर नुसत्या ब्रेकवर सोडलं, तर ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढावं, त्याच गिअरमध्ये उतरावं. मागं एक दुधाचा टेम्पो सारखा हॉर्न वाजवायला लागला. रुंद जागा दिसताच सोनिया बाजूला झाली.

टेम्पोवाल्यानं शेजारून जाताना डोकं बाहेर काढलं. “काय ताई, मुंगीबी पुढं गेली की!”

“मुंगीला सांगा, घाटात हॉर्न कमी वाजवायचा!”

तो हसत पुढं गेला. आणि पुढच्याच वळणाआधी ते घडलं. कोकरू पलंगाखालून निघालं, दोन सीटांमधून घुसलं आणि सोनियाच्या पायाशी जाऊन ब्रेकच्या खाली ऊब शोधत बसलं.

समोरून वळणावर दोन ट्रॉल्यांचा रिकामा ट्रॅक्टर वर चढत होता. ट्रॉलीनं मधली रेघ ओलांडली होती. सोनियानं ब्रेकवर पाय टेकला. खाली मऊ अंग. पाय उचलला.

“आज्जी, कोकरू ब्रेकखाली हाय!”

रंगुबाईचा हात सीटबेल्टवर गेला.

“पट्टा सोडू नकोस! हाक मार त्याला!”

“ड्रिऽऽ… ड्रिऽऽ… आलं का माजं बाळ…” म्हातारीच्या घशातून मेंढरं बोलवायची ती जुनी हाक आली. कोकरानं मान वळवली, उत्तरही दिलं. पण त्याचा मागचा भाग तिथंच!

मी दुसऱ्या गिअरमध्ये होते म्हणून वेग हाताबाहेर गेला नाही. उजवीकडं ट्रॅक्टर, त्याच्यापलीकडं दरी. डावीकडं डोंगर. सोनियानं मला हळूहळू डोंगराला टेकवलं. मुरमाच्या बांधावर माझं डावं अंग करकरत घासलं. तिनं हँडब्रेक एकेक दात ओढला. मी थांबले. ट्रॅक्टर हातभर अंतरावरून निघून गेला. कोकरू बाहेर आलं आणि रंगुबाईचा पदर चघळायला लागलं.

सोनिया उतरली. दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबलचक ओरखडा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ओरखड्याचं काही वाटलं नाही, त्या पाण्याचं वाटलं.

“रडू नगंस,” रंगुबाई म्हणाली आणि तिनं आपली घोंगडी खिडकीत अडकवून त्या ओरखड्यावर सोडली. “वाळत घातलीया म्हनू. तुज्या बापाला काय कळतंय!” कोकराला मात्र तिनं मुकाट्यानं पदराच्या झोळीत गुंडाळून घेतलं.

रहिमतपूरच्या तळावर मेंढरं नुकत्याच तुटलेल्या उसाच्या रानात बसली होती. सोनियाची आई हरणाबाई तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. अर्जुना माझ्याभोवती फिरले. एक चाक, दुसरं चाक. उजवी बाजू बघून त्यांनी मान हलवली. डावीकडं येऊन घोंगडीपाशी थांबले. “वाळत घातलीया ती,” रंगुबाई घाईनं म्हणाली.

“कोरड्या उन्हात वली घोंगडी कुटनं आनली गं, आये?”

रंगुबाई आभाळाकडं बघायला लागली. सोनियानं स्वतः घोंगडी ओढून काढली.

“ओरखडा हाय, आबा. चूक माजी. कोकरू मोकळं ठेवलं, ते ब्रेकखाली शिरलं.” तिनं सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. मग किल्ली पुढं धरली.

अर्जुनांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं.

“कोकरू?”

“धड हाय.”

“ट्रॅक्टरवाला?”

“त्यालाबी काय न्हाई.”

“दरी उजवीकडं हुती न्हवं?”

“व्हय.”

मग धोतर वर सरकवून त्यांनी पायाची नडगी दाखवली. खरचटून पांढरी पडलेली, जुन्या वणांची. “घाटात कळप बुजला, की आमीबी आसंच करतो. मेंढरांना डोंगराकडं दाबायचं, सोताचं अंग घासू द्यायचं. हे तुला कुनी शिकीवलं?”

“तुमीच की.”

त्यांनी किल्ली घेतली आणि खिशात टाकली. ते तळाकडं गेले आणि वाघूर घेऊन आले, मेंढरं कोंडायची सुतळीची जाळी. आत शिरून त्यांनी माझ्या मागच्या कोपऱ्यात ती चार जागी घट्ट बांधली.

“नुसतं घर केलंस, मेंढरांचं वाडगं इसरलीस,” ते म्हणाले. “जे हलतंय, ते आत.” मग खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. “आनि रंग लावू नगंस त्या ओरखड्याला.”

हरणाबाईनं तव्यावरून मान वर करून हसत विचारलं, “म्हंजी पोरगी पास झाली व्हय?”

“अजून न्हाई,” अर्जुना म्हणाले. “मला हिच्यासंगं एक चक्कर मारू दे. तू मेंढरं बघ.”

तेव्हापासून मी जोरात आहे. शिराळ्यापासून कासपर्यंत माणसं नेते. वाघुरीत त्यांच्या पिशव्या, चेंडू आणि कधी कधी त्यांचं कुत्रं बसतं. आता तुमचं बघा. माझ्या मागून येताना माझे आरसे तुम्हाला दिसत नसतील, तर तुम्ही मला दिसत नाही. मला थांबायला तुमच्या दुचाकीपेक्षा कितीतरी जास्त रस्ता लागतो, म्हणून माझ्यापुढे घुसू नका. मी बाजूला होईन, वाट देईन, तेवढी दोन मिनिटं धीर धरा. आणि रस्त्यात मेंढरं दिसली, तर हॉर्न नको. थांबा. तीही कुणाच्या तरी घरातली आहेत.

तर त्या दिवशीची ती चक्कर. अर्जुना पहिल्यांदा माझ्या पुढच्या सीटवर बसले. पट्टा दोनदा उलटा लावला, तिसऱ्यांदा बसला. मोठ्या रस्त्याला लागताच एक मोटारवाला वळणावरच आमच्या शेजारून घुसायला लागला. सोनियानं शांतपणे वेग कमी करून त्याला जागा दिली. अर्जुनांनी मात्र काच खाली केली, फेटा सावरला आणि सात मेंढरांचा सगळा जीव एकवटून ओरडले:

“आवं दादा, दमानं! माजी लेक घर घिऊन चाललीया, दिसत न्हाई व्हय?”