परदेशी रकाना, देशी रकाना

रामकिसन सर वारल्यापासून भूजल विभागातली त्यांची प्रयोगशाळा बंद होती. विभागातल्या दोन गटांपैकी ज्याचं संशोधन जास्त, त्याला ती मिळणार, असं ठरलं आणि मोजदाद आली सरांच्याच लेकीकडं. प्रेरणा संख्याशास्त्र विभागात शिकवायची.

तिनं दोन रकाने आखले. डावीकडं परदेशात पीएच.डी. करून परतलेले, उजवीकडं इथंच शिकलेले. डावी बाजू चांगलीच जड निघाली. उजवीकडं बाबांच्या नावापुढं अवघे तीन शोधनिबंध. विद्यार्थ्याच्या निबंधावर ते स्वतःचं नाव घालू देत नसत, हे तिला ठाऊक होतं. पण घरच्या माणसासाठी माप सैल सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. आता उजवीकडच्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून प्रयोगशाळा जाणार, हे दिसत असूनही तिनं तक्ता विभागप्रमुख सुलेखा मॅडमपुढं ठेवला.

जर्मनीहून परतलेला सम्यक तिथंच बसला होता. तक्त्यावरून नजर फिरवून तो म्हणाला, "ताई, मला चुकीच्या रकान्यात घातलंय."

"पीएच.डी. जर्मनीची ना तुझी?"

"व्हय. पण विहिरींचं पाणी मोजायला शिकलो दौलताबादच्या शिवारात, सरांच्या मागं हिंडून. ज्या निबंधावर जर्मनीनं बोलावलं, तो सरांनीच तीनदा लिहून घेतला. नाव घाला म्हटलं, तर म्हणले, लेकराच्या ताटातलं आपण खायचं नसतं."

मॅडम हसल्या. "मग तुला काय रेघेवर उभा करू?"

"मला एकट्याला नाय. बाकीच्यांनाही विचारा की."

हे उत्तर आपल्याला फार हवंसं आहे, याचीच प्रेरणाला धास्ती वाटली. म्हणून तिनं दोन्ही गटांना एकच प्रश्न लेखी विचारला: हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात? डावीकडच्या बहुतेकांनी सरांचं नाव लिहिलं. उजवीकडच्या सरितानं मात्र लिहिलं, 'सम्यकनं नवी पद्धत शिकवली नसती, तर माझे अलीकडचे निबंध झालेच नसते.'

प्रेरणानं आकडे होते तसेच ठेवले. बाबांचे तीनही. खाली ही उत्तरं जोडून एवढंच लिहिलं, की हे दोन गट वेगळे मोजता येत नाहीत.

"मग तक्त्याचा उपयोग काय गं?" म्हणत मॅडमनी प्रयोगशाळा दोन्ही गटांच्या नावे केली.

सोमवारी कुलूप निघालं. आत बाबांची खुर्ची रिकामी दिसेल म्हणून प्रेरणा दारातच थांबली. सम्यक आणि सरिता खिडकीजवळचं टेबल कुणाचं यावरून कडाकडा भांडत होते. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग आत गेली.